पाऱ्यावर नसलेले आकडे

१२ जानेवारी

चि. मिरचीस,

मावशीचा आशीर्वाद आणि एक धपाटा. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तू नुसती "हं, हं" करत होतीस आणि मागे टकटक टकटक चालू होतं. म्हणून ठरवलं, आता पत्रच लिहायचं. पत्र वाचताना तरी तुझे हात रिकामे राहतील.

कळवायचं हे की तुमचा तो मोठा अभ्यास आमच्या दवाखान्यातही सुरू झाला. रक्तदाबाची नवी गोळी. अर्ध्या बायकांना जुनी, अर्ध्यांना नवी. कोणाला कुठली ते मला ठाऊक नाही, डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही, बहुतेक गोळीलाही ठाऊक नसावं. बाटल्या सारख्याच पांढऱ्या, वर नुसते क्रमांक. माझ्याकडे शहाण्णव जणी आहेत. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीचा दाब मोजायचा, त्रास विचारायचा, फॉर्म भरायचा आणि पाकिटात घालून तुमच्याकडे धाडायचा. तीस वर्षं नर्सिंग करून शेवटी मी कारकून झाले.

एक अडचण आहे. बहुतेक जणी पलीकडच्या शिलाई कारखान्यात कामाला जातात. दवाखाना दहा ते पाच, त्यांची पाळी आठ ते सहा, आणि सुपरवायझर कोणाला जागचं हलू देत नाही. तुमचा नियम म्हणतो, लागोपाठ दोन खेपा चुकल्या की नाव कमी. मग गोळ्या बंद, रक्ततपासणी बंद. यातली एक काजं करते, तिला सगळ्या काजवालीच म्हणतात. काल पाच मिनिटांची सुट्टी काढून धापा टाकत आली आणि म्हणाली, "सिस्टर, हा धावत आलेल्या बाईचा दाब आहे, त्यातला थोडा वजा करा." मला हसू फुटलं. तिने मात्र आकडा दोनदा विचारून घेतला. तिची आई पंचेचाळिसाव्या वर्षी झटक्याने गेली आणि ही आता बेचाळीसची आहे.

खेपांच्या बाबतीत काही सवलत मिळते का गं? तू तिथेच आहेस, विचारून सांग. आणि तुझ्या आईला म्हणावं, धाकटी बहीण अजून जिवंत आहे, कधीतरी चौकशी करत जा.

तुझी मावशी

२३ जानेवारी

प्रिय मावशी,

धपाटा पोचला, पाठ चोळत लिहितेय.

सवलत नाही. साहेबांना विचारलं. साहेब म्हणजे आमच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. ते हसले की आम्ही तारीख लिहून ठेवतो. ते म्हणाले, नियम बावीसही केंद्रांना सारखाच आहे आणि त्यावर सह्या मी इथे येण्याआधीच झाल्यात. मला हा नियम फारसा पटत नाही, पण माझ्या पटण्याला इथे कोण विचारतो? तुझ्या बायकांना स्पष्ट सांगून टाक.

तू विचारत असतेस ना, मी दिवसभर काय करते. तुमची पाकिटं येतात, दोघीजणी त्यातले आकडे संगणकात भरतात आणि मी त्या आकड्यांवर संशय घेते. पगार त्याचाच मिळतो. आमच्याकडे नावं येत नाहीत, बायकांची नाहीत आणि दवाखान्यांचीही नाहीत. तू कुठल्या क्रमांकामागे दडली आहेस हे मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. माझी मावशी या अभ्यासात आहे हे मी साहेबांना सांगून ठेवलंय. क्रमांक झाकलेले आहेत तोवर हरकत नाही म्हणाले.

आता एक गंमत. नर्सबाईंचा आळस आम्हाला इथे बसून दिसतो. कसा? सगळ्यांचे दाब शून्यावर संपतात. एकशे वीस, एकशे तीस, एकशे चाळीस. एका केंद्रात शंभरातल्या ऐंशी बायकांचा दाब असाच गोल निघाला. माणसांची शरीरं इतकी शिस्तीची नसतात गं! तूही असलं करत असशील तर आजपासून बंद कर, नाहीतर एक दिवस मी तुझाच कान पकडीन.

तुझी,
मिरची

४ मे

चि. मिरचीस,

माझा कान शाबूत आहे. शून्यं बंद केली.

खेपांचं म्हणशील तर आमच्या बायका आता खेपा चुकवत नाहीत. कशी जादू केली ते विचारू नकोस.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. माझ्याकडे चार बायकांचे पाय सुजलेत. उभं राहून काम करणाऱ्या बाईचे पाय संध्याकाळी जड होतात, ती सूज मला कळते. ही तशी नाही. काजवालीच्या पायात चपलेचा पट्टा इतका रुतला होता की तो सोडवताना ती कळवळली. सकाळी तोंडही फुगलेलं असतं, म्हणते. चौघींचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. चौघींच्याही किडनीचे आकडे वाईट आले. मी फॉर्मच्या त्रासाच्या रकान्यात सगळं लिहिलंय, रिपोर्टही जोडलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, अभ्यास चालू आहे, वरून कळेपर्यंत गोळी आपल्या मनाने थांबवता येत नाही.

मला हे गोळीचंच वाटतं. तीस वर्षांत इतके पाय बघितलेत की माझं मन सहसा चुकत नाही. तू लक्ष घालशील ना? चार जणी आहेत, बाळा. विसरू नकोस.

तुझी मावशी

२ जुलै

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सूज आलेल्या बायकांचं वाचलं. तू फॉर्मवर लिहिलं आहेस ना, मग झालं तर. तो रकाना वेगळी समिती वाचते, ती बघेल काय ते. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

आज मला बढाई मारायची आहे आणि ऐकून घेणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. परवा मी दाबाच्या आकड्यांचे नुसते शेवटचे अंक मोजत बसले होते. तुमच्या पाऱ्याच्या यंत्रावर रेषा दोन-दोनच्या असतात, हो ना? म्हणजे आकडा समच यायला हवा. एकशे सव्वीस येईल, एकशे अठ्ठावीस येईल, पण एकशे सत्तावीस कुठून येणार? तिथे रेषाच नाही! आणि चौदा नंबरच्या केंद्रात मला सापडले. १२७, १३३, १३९, १४३. एकूण एकतीस ठिकाणी. कोणीतरी बाई दाब न मोजता मनानेच आकडे लिहीत होती, आणि शून्य येऊ नये याची हुशारीही करत होती. साताचा आणि तिनाचा तर तिला भारी सोस. मनाने आकडे काढायला बसलं की माणसाला हेच सुचतात.

साहेब चक्क खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले. तारीख लिहून ठेवलीय. चौदा नंबर आता अख्खं बाद होणार, कारण एकतीस आकडे खोटे निघाल्यावर उरलेल्या दोन हजारांवर विश्वास कोण ठेवील?

असं कोणी का करत असेल गं? आळस, दुसरं काय. तुझ्यासारखी एक बाई शहाण्णव जणींसाठी मरमर मरते आणि एखादी खुर्चीत बसून चहा पीत फॉर्म भरते. डोकंच फिरतं माझं.

तुझी हुशार भाची

१० जुलै

मिरचे,

आमच्या फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात चौदा छापलेलं आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आळस नव्हता गं. जिला कारखान्यातून सोडलं नाही तिची दुसरी खेप चुकू नये म्हणून मी आकडा लिहिला. संध्याकाळी सहाला कारखान्याच्या फाटकाशी जाऊन गोळ्या तिच्या हातात देत होते, पाय दाबून बघत होते, झोप लागते का विचारत होते. फक्त यंत्र बरोबर नसायचं, ते दवाखान्याबाहेर न्यायला मनाई आहे. एकट्या काजवालीच्या सात खेपा मी लिहिल्यात. तू शून्य नको म्हणाली होतीस, म्हणून शून्य टाळलं. इतकी वर्षं पारा वाचतेय, आणि मनचे आकडे लिहिताना त्याला विषम रेषा नसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्वतःची इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण ते चार रिपोर्ट मी लिहिलेले नाहीत, प्रयोगशाळेने लिहिलेत. रक्त त्या बायकांचं आहे. माझे एकतीस आकडे फेका आणि त्या चौघींना ठेवा. एवढं एक काम कर माझं. लहान आहेस म्हणून, नाहीतर पाया पडले असते.

मावशी

६ ऑगस्ट

मावशी,

चार आठवडे पेन हातात धरवत नव्हतं. आधी तुझा संताप आला. मग मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवलं, आणि तोंड लपवायला जागा उरली नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ती चूकच झाली. माझी मावशी आहे म्हटल्याक्षणी माझं बोलणं संपलं. आता मी चौदा नंबरबद्दल काहीही म्हणाले तरी ती नात्यातल्या माणसाची बाजू घेणं ठरतं. "त्या फायलीला तुम्ही आता हात लावायचा नाही," म्हणाले. तेही इतकं हळू आवाजात की भांडताही आलं नाही. चौघींच्या रिपोर्टांचं विचारलं तर म्हणाले, केंद्र बाद म्हणून समितीनेही ते बाजूला ठेवलेत, आणि जिथे दाब खोटा लिहिला जातो तिथे बाटलीतलं रक्त कोणाचं होतं हे कोणी सांगावं? त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं.

पण बाकीच्या एकवीस केंद्रांना हात लावायची मला मनाई नव्हती. तिथे पाय सुजलेली एकही बाई नाही. आधी वाटलं, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलंय. मग मी गळालेल्यांची यादी काढली, दोन खेपा चुकल्या म्हणून नाव कमी झालेल्यांची. अहवालासाठी आकडे घेणं जुलैअखेर थांबलं, त्यामुळे कोणाला कुठली गोळी होती हे आता उघड झालंय. नव्या गोळीच्या दोनशे अकरा जणी गळाल्यात आणि जुन्या गोळीच्या एकशे अठरा. सुरुवातीला बायका दोन्हीकडे सारख्याच होत्या. कारखाना, घरचं आजारपण, गाव सोडून जाणं ही कारणंही दोन्हीकडे सारखीच असणार. मग वरच्या त्र्याण्णव जणी यायच्या का थांबल्या?

तुला कळतंय का मावशी? जिचे पाय सुजले ती दवाखान्यापर्यंत चालत येणार कशी? ती दोन खेपा आली नाही, तिचं नाव गेलं आणि तिच्याबरोबर तिची सूजही कागदावरून गेली. तुझ्याकडे कोणी गळलं नाही, कारण तू कोणाला गळू दिलं नाहीस. गोळ्यांच्या यादीत तुझ्या त्या चौघीही नव्या गोळीच्याच आहेत. तू खोटे आकडे लिहिले नसतेस तर त्या कोणालाच दिसल्या नसत्या. आणि तू ते लिहिलेस म्हणून आता त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

साहेबांना तक्ता दाखवला. त्यांनी दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या. मग म्हणाले, "न येण्याची शंभर कारणं असतात. गळालेल्यांना शोधणं आपल्या आराखड्यात नाही." तक्ता नीट घडी घालून मला परत दिला.

काय करू मी?

मिरची

२१ ऑगस्ट

चि. मिरचीस,

तू स्वतःला दोष देत बसू नकोस. मी ज्या आकड्यांवर सही केली ते माझे आहेत.

गेल्या आठवड्यात दोन तपासनीस आले. सभ्य माणसं. सगळे फॉर्म खोक्यात भरले, मला पावती दिली आणि अभ्यासातून काढल्याचं पत्रही. दवाखान्यातली नोकरी राहिली, कारण इथे कुठलं औषध कुठल्या कपाटात आहे ते माझ्याशिवाय कोणाला सापडत नाही. शहाण्णव जणींच्या गोळ्या बंद झाल्या. एक बरं झालं, काजवालीची सूज निम्म्यावर आली. आता ती चपलेचा पट्टा स्वतःच लावते. तिला मी बजावलंय, ती पांढऱ्या बाटलीतली गोळी पुन्हा कोणी दिली तर तोंडात घालू नकोस. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगाल तेच औषध."

तुझं ते गळालेल्यांचं वाचून राहवलं नाही. दोन तासांवर दुसरं केंद्र आहे, तिथली सिस्टर माझ्याबरोबर शिकलेली. रविवारी बस धरून गेले. तिने हळूच पत्ते सांगितले. पाच घरं फिरले, त्यातल्या तिघींचे पाय मी डोळ्यांनी बघितले. एक जिन्यावरून घसरत घसरत, बसूनच खाली उतरते. टेपने तिघींचे घोटे मोजून मापं सोबत लिहिली आहेत. खरी मापं आहेत, मिरचे. देवाशपथ खरी.

माझ्या हातचा कागद आता कोणी खरा धरणार नाही, हे कळतं मला. म्हणून तू दे. ते म्हणतील, हिची मावशी आहे, म्हणू देत. आणि अभ्यासाचा जो अहवाल निघेल त्यावर तू सही करू नकोस. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

मावशी

२८ नोव्हेंबर

मावशी,

मी सही केली.

सगळं नीट लिहिते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. तुझी यादी साहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती पूर्ण वाचली, घोट्यांच्या मापांसकट. मग विचारलं, "ही मापं कोणी घेतली?" मी खरं सांगितलं. त्यांनी कागद पाकिटात घालून माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. ते वाईट नाहीत गं. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

अहवालावर सहा जणांच्या सह्या लागतात, पाचही चालतात. मी नाही म्हणाले असते तर माझी जागा कोरी सोडून अहवाल त्याच दिवशी गेला असता. म्हणून मी अडून बसले की एक ओळ घालणार असाल तरच सही करीन. त्यांनी घातली. परिशिष्टात आहे, पान दोनशे बारा, तळाशी: बाद केलेलं केंद्र धरल्यास नव्या गोळीवर किडनीच्या त्रासाच्या चार नोंदी आढळतात. मला वाटलं, ओळ राहिली की कधीतरी कोणीतरी वाचेल.

गोळीला मान्यता मिळाली. मान्यता देणाऱ्या समितीतल्या तिघांना मी वेगवेगळं गाठलं आणि पान दोनशे बाराबद्दल विचारलं. तिघांनीही विचारलं, "त्यात काय आहे?"

तू मागितलं होतंस आणि मी दिलं नाही. कारण कितीही चांगलं असलं तरी दिलं नाही, हे मला कळतं. पत्र लिहीत राहा, एवढंच म्हणते.

मिरची

१५ एप्रिल

चि. मिरचीस,

इतके महिने लिहिलं नाही ते रागाने नाही. सुरुवातीला होता राग, खोटं कशाला बोलू. पण मग वाटलं, मी नियम मोडून बघितला आणि तू नियमात राहून बघितलंस. दोघींच्या हातात काही आलं नाही. मग कुणी कुणावर रागवायचं?

काजवाली गेली.

कारखान्याने यंदा फेब्रुवारीत स्वतःच कामगारांची तपासणी ठेवली. मशिनपाशीच दाब मोजला, तिथेच औषध दिलं. निळं खोकं, चकचकीत, वर गोळीचं नाव ठसठशीत. आपली पांढरी बाटली तिला ठाऊक होती. निळं खोकं तिने कशाला ओळखावं? मलाही ती सांगायला आली नाही, कारण तिला सिस्टरला त्रास द्यायचा नव्हता. पाळी न बुडवता दाब मोजून मिळतो याचाच तिला आनंद झाला होता, असं तिची मुलगी म्हणाली. तीन आठवड्यांनी मुलींनी तिला उचलून आणलं तेव्हा डोळे उघडत नव्हते इतकं तोंड सुजलेलं, आणि दोन दिवस लघवी नव्हती. मोठ्या रुग्णालयात चार दिवस काढले तिने. मी रोज जात होते. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "सिस्टर, मी एकही गोळी चुकवली नाही."

मृत्यूचा फॉर्म आमच्या दवाखान्यातून जातो. कारणाच्या रकान्यात किडनी लिहायची तर तज्ज्ञाचा कागद जोडावा लागतो. मोठ्या रुग्णालयाने तो दिला नाही, तिथे तपासण्या अर्धवट राहिल्या होत्या. औषधाने मृत्यू असा रकानाच नाही. मी डॉक्टरीणबाईंशी घसा बसेपर्यंत भांडले. त्या रडल्या, पण लिहिलं उच्च रक्तदाब. पाकीट मीच चिकटवलं.

आज परिपत्रक आलं. लिहिलंय की जानेवारी ते मार्च या तिमाहीत आपल्या भागात उच्च रक्तदाबाने अकरा मृत्यू झाले, त्याआधीच्या तिमाहीत दहा होते. मृत्यू वाढत आहेत, म्हणून नवी गोळी आता घरोघर पोचवावी. खोकी संध्याकाळी उतरली, निळीच आहेत. वाटपाच्या यादीवर पहिलं नाव तिच्या थोरल्या मुलीचं आहे.

परिपत्रकावर तुमच्याच विभागाचा शिक्का आहे. अकरा हा आकडा तू तपासून बघ. त्यात चूक सापडणार नाही.

मावशी